बावीस प्रस्ताव, नऊ जागा: विमान-संशोधन केंद्राचा दहा वर्षांचा आराखडा

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं आणि मार्चअखेरीस आराखड्यावर सही झाली. नाशिकजवळ, ओझरच्या पट्ट्यात असलेल्या एका विमान-संशोधन आणि डिझाइन केंद्राने पुढची दहा वर्षं काय करायचं, हे ठरवायचं होतं. त्यातली पहिली पाच वर्षं माणसं, पैसा आणि यंत्रं यांच्या हिशोबासकट मांडायची होती, उरलेली पाच फक्त दिशा म्हणून. संरक्षणाशी संबंधित काम असल्याने केंद्राचं नाव, प्रकल्पांची नावं आणि मूळ आकडे इथे देता येत नाहीत. खालचा हिशोब १२० अभियंत्यांचा गट धरून नव्याने मांडला आहे. पद्धत आणि अडचणी मात्र जशाच्या तशा आहेत.

अशा कामाची सुरुवात सहसा बलस्थानं, उणिवा, संधी, धोके असा चौकोनी तक्ता भरून होते. आराखडा तयार करणाऱ्या आम्ही मंडळींनी तो तक्ता शेवटी भरला. आधी भरला की प्रत्येक विभाग आपापलं काम ‘संधी’च्या चौकोनात बसवतो आणि पुढची चर्चा त्या चौकोनाबाहेर येत नाही. म्हणून पहिला प्रश्न ठेवला तो तासांचा: या केंद्रात वर्षाला नवीन संशोधनासाठी खरोखर किती तास हाती असतात?

पाच दिवसांच्या आठवड्याने वर्षाचे २६० दिवस. त्यातून १४ सुट्या, सरासरी ३० दिवस रजा आणि ६ दिवस प्रशिक्षण वजा केलं की २१० उरतात. दिवसाला ७ तास प्रत्यक्ष काम धरलं तर माणशी १,४७० तास. बहुतेक नियोजनं इथेच थांबतात आणि तिथेच फसतात, कारण डिझाइनमधला माणूस फक्त डिझाइन करत नाही. उत्पादनाच्या शॉपमधून रोज कागद येतो: भोक ०.२ मिलिमीटर मोठं पडलं, रिव्हेट कडेच्या फार जवळ आलं, ठरलेला पत्रा मिळत नाही म्हणून दुसरा चालेल का. अशा प्रत्येक कन्सेशनला, म्हणजे मापात न बसलेलं चालवून घेण्याच्या परवानगीला, आणि ड्रॉइंगमधल्या प्रत्येक बदलाला डिझाइनची सही लागते आणि सहीमागे हिशोब लागतो. मागच्या दोन वर्षांचे असे कागद मोजले, प्रत्येक प्रकाराला लागणारा सरासरी वेळ लावला, तेव्हा एकूण वेळेचा ३० टक्के भाग तिकडे जातो असं दिसलं. उरले माणशी १,०२९ तास, म्हणजे १२० जणांचे १,२३,४८०.

विभागांकडून आलेल्या बावीस प्रस्तावांची पहिल्या वर्षाची मागणी होती २,६०,०००. दुपटीहून जास्त.

हा ३० टक्क्यांचा आकडा पुढच्या पाच वर्षांत तसाच राहील असंही धरता येत नाही. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये तेजस एमके-१ए या लढाऊ विमानाची तिसरी आणि एचटीटी-४० प्रशिक्षण विमानाची दुसरी उत्पादनसाखळी सुरू झाली, इथे बनलेलं तेजस एमके-१ए त्या दिवशी उडालं. नवी साखळी सुरू झाली की पहिली दोन-तीन वर्षं आसपासच्या प्रत्येक डिझाइन गटाकडे प्रश्नांचा ओघ वाढतो, मग ते विमान त्यांचं असो वा नसो. शॉप तेच, पुरवठादार तेच आणि तपासणीची माणसंही तीच असतात. म्हणून पहिल्या तीन वर्षांसाठी आम्ही ३० ऐवजी ३५ टक्के धरून दुसरा हिशोबही शेजारी ठेवला.

तासांची बेरीज फसवीही असते, कारण एका शाखेचे तास दुसऱ्या शाखेला चालत नाहीत. ड्रॉइंगच्या माणसांकडे वेळ शिल्लक असला तरी तो फटीगच्या, म्हणजे वारंवार ताण पडून धातू थकण्याच्या, विश्लेषणाला उपयोगी पडत नाही. म्हणून लोड्स (विमानावर येणारे भार), स्ट्रेस (त्यांनी पडणारा ताण), फटीग, एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक्स), सॉफ्टवेअर पडताळणी, उड्डाणचाचणीची उपकरणं अशा शाखावार बेरजा केल्या. सर्वांत अरुंद जागा फटीगमध्ये निघाली: सहा माणसं, आणि चार प्रस्ताव असे की प्रत्येकाला ती सहाच्या सहा हवीत. पुढच्या पाच वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची वर्षवार यादी या तक्त्याशेजारी लावली. नवीन आलेला अभियंता पहिल्या वर्षी अर्धा धरायचा, आणि त्याला शिकवणाऱ्याचेही वर्षाला किमान १५० तास कमी करायचे, हा नियम केला. हे १५० तास आधी कुणी मोजलेच नव्हते.

मग प्रस्ताव वाचायला घेतले. प्रत्येकाला एकच पान दिलं होतं आणि प्रश्न ठरवून दिले होते. कोणत्या विमानासाठी? ते विमान अजून किती वर्षं सेवेत राहणार? सध्या किती सिद्ध झालं आहे आणि पुरावा कोणता? कोणत्या चाचण्या, कुठे? हे केलं नाही तर काय बिघडेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अनेकांनी कोरं सोडलं होतं आणि छाननीत सर्वांत जास्त उपयोग त्याच कोऱ्या जागेचा झाला.

विमानाच्या उरलेल्या आयुष्याचा हिशोब साधा आहे, पण तो लिहून काढल्याशिवाय दिसत नाही. समजा विमानाची १५ वर्षं उरली आहेत. सुधारणा विकसित करून प्रमाणित करायला ५ वर्षं लागतात. ती बसवायची तर विमान ओव्हरहॉलला येईल तेव्हाच, म्हणजे सगळ्या ताफ्यावर बसायला आणखी ६ वर्षं. पहिल्या विमानाला त्या सुधारणेचा लाभ १० वर्षं मिळतो आणि शेवटच्याला ४. विकास दोन वर्षांनी लांबला तर शेवटच्याला २. या एका गणितावर तीन प्रस्ताव मागे पडले. ते तांत्रिकदृष्ट्या उत्तम होते, फक्त त्यांची वेळ टळून गेली होती.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. मिग-२१ भारतीय हवाई दलात १९६३ मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झालं, बासष्ट वर्षांनी. विमानं ठरल्यापेक्षा जास्त जगतात. म्हणून सेवेची वर्षं लिहिताना आम्ही ‘जाहीर’ आणि ‘संभाव्य’ असे दोन रकाने ठेवले आणि दोन्हींवर टिकणाऱ्या प्रस्तावाला वरची जागा दिली.

मिगचा इतिहास दुसऱ्या कारणानेही कामाला आला. परवान्याने मिग बनवायचं ठरलं तेव्हा विमानाचा सांगाडा नाशिकला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. नंतर नाशिकला मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय बनली. साठ वर्षांपूर्वीच्या त्या वाटणीचे परिणाम या परिसरातल्या माणसांच्या हातात अजून दिसतात: पत्रा, जिग (भाग जागेवर धरून ठेवणारा साचा), जोडणी, संरचना यांत इथे जी खोली आहे ती इलेक्ट्रॉनिक्समध्ये नाही. ब्रह्मोस बसवण्यासाठी सुखोईत बदल झाले ते नाशिकमध्येच. क्षेपणास्त्रासह पहिलं उड्डाण २५ जून २०१६ रोजी इथूनच झालं आणि विमानातून पहिला मारा २२ नोव्हेंबर २०१७ रोजी. अडीच टन वजन पोटाखाली घ्यायचं तर सांगाडा मजबूत करावा लागतो, आणि ती इथल्या लोकांची विद्या आहे. केंद्राने नव्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मागे लागून ही विद्या पातळ होऊ द्यायची का, यावर सर्वांत लांब चर्चा झाली. आमचं मत स्पष्ट होतं: नाही. इलेक्ट्रॉनिक्स इतरांबरोबर करावं, सांगाड्याचं काम आपलं आपण करावं. आराखड्यात तसंच उतरलं.

तंत्रज्ञान वापरासाठी किती तयार आहे ते सांगणाऱ्या सज्जता पातळीवरून, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या टीआरएलवरून, बरेच वाद झाले. ही नऊ पायऱ्यांची पट्टी नासातून आली. तिचा गैरवापर ठरलेल्या जागी होतो: प्रयोगशाळेतल्या टेबलावर नमुना चालला की प्रस्तावात पातळी ६ लिहिली जाते. टेबलावर चाललेला नमुना ४ वर असतो. ५ आणि ६ साठी प्रत्यक्ष वापरासारखं वातावरण लागतं, म्हणजे तापमान, कंप, उंची. ७ साठी ते प्रत्यक्ष विमानावर चालावं लागतं. आम्ही पातळीचा आकडा विचारणंच बंद केलं. त्याऐवजी तीन गोष्टी मागितल्या: चाचणी अहवालाचा क्रमांक, चाचणी झालेला नमुना कोणत्या आकाराचा, आणि कोणत्या वातावरणात. पातळी समितीने ठरवली. बावीसपैकी तेरा प्रस्ताव किमान एक पायरी खाली आले. पुरवठादार, धातू किंवा आकार बदलला की पातळी आपोआप खाली येते, हेही लेखी नियमात घातलं. लहान नमुन्यावर मिळालेलं यश विमानाच्या मोठ्या पंखावर तसंच मिळेल, असं गृहीत धरल्याने वर्षं वाया जातात.

पुढचा टप्पा चाचण्यांच्या कॅलेंडरचा. विमानावर बसणारी एखादी इलेक्ट्रॉनिक पेटी घ्या. चाचण्यांची योजना मंजूर करून घ्यायची, मग उड्डाणसुरक्षेपुरत्या चाचण्या, मग मर्यादित उड्डाण परवानगी, मग पूर्ण पात्रता चाचण्या आणि शेवटी टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या प्रकारच्या पेटीला अंतिम मंजुरी. लष्करी विमानांसाठी उड्डाणयोग्यता सेमिलॅक ही संस्था पाहते आणि गुणवत्तेची हमी डीजीएक्यूए हे संचालनालय. कामाची चौकट आता इमटार-२१ या नियमावलीत आहे. या साखळीतल्या काही चाचण्या माणसं वाढवून लवकर उरकत नाहीत. मिल-एसटीडी-८१० या अमेरिकी लष्करी चाचणी-मानकानुसार बुरशीची चाचणी किमान २८ दिवसांची, आर्द्रतेची चोवीस तासांची दहा आवर्तनं, खारट धुक्याची ९६ तास. त्यात नमुना नापास झाला तर दुरुस्ती करून पुन्हा पहिल्या दिवसापासून. प्रस्तावांत सगळी पात्रता ‘तीन महिने’ अशी एका ओळीत लिहिलेली होती. कक्षाचं बुकिंग, जोडणीची फिक्स्चर बनवणं, एक नापास चाचणी आणि अहवालांची मंजुरी धरली तर नऊ ते बारा महिन्यांखाली काही येत नाही.

ज्यात मॉडेलवर वेगाने हवा सोडतात त्या वाऱ्याच्या बोगद्याची गोष्टही तशीच. बंगळुरूला एनएएलचा, म्हणजे राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेचा, १.२ मीटरचा ट्रायसॉनिक (ध्वनीच्या वेगाखालच्या, जवळच्या आणि वरच्या वेगांचा) बोगदा आहे, तो सगळ्या देशाला लागतो. तिथली तारीख मिळणं एक आणि त्या तारखेला मॉडेल तयार असणं दुसरं. पोलादी मॉडेल, त्यातली दाब मोजायची बारीक भोकं, बल मोजणाऱ्या तराजूला बसणारी जोडणी हे सगळं बाह्य आकार गोठवल्यानंतरच, म्हणजे त्यात पुढे बदल नाही असं ठरल्यावरच, बनवता येतं. आकार गोठवायला उशीर झाला की तारीख हुकते आणि पुढची कधी मिळेल ते आपल्या हाती नसतं. म्हणून आराखड्यात ‘बोगदा चाचणी’ असं न लिहिता आम्ही ‘आकार गोठवण्याची तारीख’ लिहिली आणि तिला जबाबदार माणूस जोडला.

धातूंचं प्रकरण वरवर किरकोळ वाटतं, पण रशियन मूळ असलेल्या विमानांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते छळतं. मूळ ड्रॉइंगवर डी-१६ किंवा व्ही-९५ असं रशियन अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचं नाव असतं. सर्वसाधारण पर्याय म्हणजे २०२४ आणि ७०७५ हे मिश्रधातू, रचनेने जवळचे, पण तेच नव्हेत. त्यात जाडी जुळत नाही. मूळ पत्रा १.५ मिलिमीटरचा, तर इंचांच्या मापात मिळणारा ०.०६३, म्हणजे १.६. फरक ०.१ मिलिमीटरचा. एक चौरस मीटरला साधारण २८० ग्रॅम वजन वाढतं, ते परवडतं. पण शेजारच्या पत्र्याशी पायरी पडते, शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालावी लागते, रिव्हेटची लांबी बदलते आणि प्रत्येक बदलाला पुन्हा डिझाइनची सही. पर्यायी धातूच्या मंजुरीसाठी कूपन, म्हणजे चाचणीचे छोटे तुकडे, कापून ताण आणि फटीगच्या चाचण्या कराव्या लागतात, आणि हे काम प्रत्येक प्रकल्प आपापलं वेगळं करत होता. आराखड्यात त्याचा एक स्वतंत्र, सामाईक प्रकल्प केला. दिसायला तो बावीसांत सर्वांत साधा होता आणि क्रमवारीत दुसरा आला.

क्रमवारी कशी लावली, ते सविस्तर सांगायला हवं. पहिल्यांदा नेहमीची गुणपद्धत वापरली: सात निकष, प्रत्येकाला भार, दहापैकी गुण. निकाल असा आला की बावीसपैकी सतरा प्रस्ताव ६.१ ते ७.४ च्या दरम्यान. सहकाऱ्याच्या कामाला कुणी ३ देत नाही आणि ९ देताना संकोच वाटतो. त्यामुळे सगळे मध्यावर गोळा होतात आणि दशांशावरून ठरवलेल्या क्रमाला काही अर्थ राहत नाही. मग जोड्या लावल्या. बावीस प्रस्तावांच्या २३१ जोड्या होतात. पाच जणांनी प्रत्येक जोडीत एकच प्रश्न सोडवायचा: दोनपैकी एकच करता येणार असेल तर कोणता? बरोबरी नाही. मत आधी कागदावर, मग उघड. जोडीला दोन मिनिटं धरली तर पावणेआठ तास होतात. दोन सकाळी घेतल्या, कारण दुपारनंतर लोक थकून आधीच्या उत्तरांची री ओढतात. जिथे ३-२ झालं तिथे दोन्ही बाजूंचं एकेक वाक्य लिहून ठेवलं. ही वाक्यं आज केंद्राच्या फार कामाची आहेत, कारण पुढे परिस्थिती बदलली तेव्हा मूळ शंका काय होती ते त्यांतून कळतं. आपल्याच प्रस्तावाच्या जोडीत संबंधिताने मत द्यायचं नाही, एवढी एकच सूट. तिथे राखीव सहावा माणूस बसला.

क्रम लागल्यावर वरून खाली तास भरत आलो. पण सगळे भरले नाहीत: १,२३,४८० पैकी ८० टक्के, म्हणजे सुमारे ९८,८०० तासांपर्यंतच. उरलेले २० टक्के मोकळे ठेवण्यावरून वरिष्ठांशी बराच झगडा झाला. नापास चाचण्या आणि प्रमाणीकरणातल्या शंका कुठल्याही वर्षी येतातच. त्यांच्यासाठी जागा नसेल तर त्या चालू प्रकल्पाचे तास खातात आणि मग सगळेच एकदम लांबतात. ३५ टक्क्यांचा दुसरा हिशोब त्या बैठकीत दाखवला, तेव्हा हा मुद्दा मान्य झाला.

नऊ प्रस्ताव बसले. चार उद्योगांकडे द्यायचे ठरले, तीन महाविद्यालयांबरोबरचे छोटे अभ्यास म्हणून ठेवले, सहा बंद.

उद्योगांकडे काम दिलं म्हणजे आपले तास सुटले, असा समज आहे. देखरेख, ड्रॉइंगचा खुलासा आणि पहिल्या नगाची तपासणी यांत मूळ कामाच्या १५ टक्के तरी तास जातात, ते धरले. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत यंत्रकामाची क्षमता भरपूर आहे, पण ती वाहन उद्योगावर वाढलेली आहे. तिथे एकच भाग लाखांत बनतो. विमानाचे वीस नग बनतात आणि प्रत्येक नगाबरोबर धातूच्या वितळणीच्या क्रमांकापासून शेवटच्या मापापर्यंत कागद लागतो. एएस-९१०० हे विमानउद्योगाचं गुणवत्ता-प्रमाणपत्र घेतलेली युनिटं सापडतात. अडतं ते उष्णोपचार, अ‍ॅनोडायझिंग, विनाविध्वंस तपासणी यांसारख्या विशेष प्रक्रियांवर. त्यासाठी भाग बाहेरगावी जातो आणि आठवडे मोडतात. म्हणून चारपैकी दोन कामं अशी निवडली की त्यांत या प्रक्रिया कमीत कमी याव्यात. पैशांसाठी डीआरडीओची तंत्रज्ञान विकास निधीची (टीडीएफ) योजना आहे, ५० कोटींपर्यंतच्या प्रकल्पाला ९० टक्क्यांपर्यंत अनुदान देणारी. लहान युनिटांना आणि स्टार्टअपना संरक्षण मंत्रालयाच्या आयडेक्स योजनेची वाट जास्त सोयीची पडते.

बंद करण्याचं काम घाईत उरकायचं नसतं. प्रत्येक बंद प्रकल्पाला दोन महिने आणि ठरावीक तास दिले: शेवटच्या आवृत्तीची ड्रॉइंग गोठवणं, चाचण्यांची कच्ची माहिती उघडता येईल अशा स्वरूपात ठेवणं, उरलेल्या धातूची आणि जिगची नोंद, आणि ‘पुन्हा सुरू करायचं तर कुठून’ असं दोन पानांचं टिपण. ते टिपण त्याच माणसाने लिहायचं ज्याने काम केलं. सहापैकी एका प्रकल्पातलं सांध्याचं डिझाइन नंतर नऊपैकी एकात जसंच्या तसं वापरता आलं.

शेवटी सगळं कॅलेंडरवर चढवलं, आणि इथे नाशिक समोर आलं. ओझरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ३८ अंशांवर गेला की हवा प्रमाण वातावरणातल्या जवळपास १,५०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. जड वजनाची उड्डाणं म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्यायची. जून ते सप्टेंबर ढग आणि पाऊस, तेव्हा जमिनीवरच्या चाचण्या. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या दोन महिन्यांत मोठ्या जिगची वाहतूक किंवा बाहेरच्या तज्ज्ञांच्या बैठका ठेवल्या नाहीत. कार्बन-इपॉक्सी प्रीप्रेग, म्हणजे आधीच राळ मुरवलेलं कार्बन-कापड, उणे १८ अंशांत ठेवावं लागतं आणि मुंबईहून कसाऱ्याचा घाट चढून येतं. जानेवारी ते मार्च शीतवाहनं द्राक्षांकडे लागलेली असतात, म्हणून ती खरेदी डिसेंबरपूर्वी पोचेल अशी मागे सरकवली. प्रीप्रेगच्या खोक्यात तापमान नोंदवणारं यंत्र नसेल तर माल उतरवून घ्यायचा नाही, कारण वाटेत किती तास गारवा सुटला हे नंतर कळायला मार्ग नसतो.

पैशांचा मेळ मात्र थोडक्यात आटोपला. मोठं यंत्र मागणीपत्रापासून चालू होईपर्यंत दीड-दोन वर्षं घेतं, म्हणून तिसऱ्या वर्षी लागणाऱ्या ऑटोक्लेव्हची (दाबाखाली तापवणाऱ्या भट्टीची) तरतूद पहिल्याच वर्षी मागितली. अर्थसंकल्पाच्या सुधारित अंदाजाच्या वेळी जे प्रकल्प खर्च दाखवू शकत नाहीत त्यांचे पैसे जातात, हे लक्षात घेऊन हप्ते मार्चवर न ठेवता सप्टेंबर आणि डिसेंबरवर ठेवले.

मंजूर झालेला आराखडा अकरा पानांचा आहे, तक्ते वेगळे. शेवटच्या पानावर बंद केलेल्या सहा प्रकल्पांची नावं आणि कारणं आहेत. ती जोडपत्रात टाकावीत असा आग्रह झाला होता, पण आम्ही ती मुख्य मजकुरातच ठेवली, म्हणजे पुढच्या वर्षी तोच प्रस्ताव नव्या नावाने आला तर ओळखता येईल. १ एप्रिलपासून अंमल सुरू झाला. दर तिमाहीला आढावा होतो आणि त्यात तीनच तक्ते उघडतात: शाखावार उरलेले तास, चाचणीकक्षांची बुकिंग आणि गोठवण्याच्या तारखा. जुलैच्या पहिल्या आढाव्यात फटीगच्या सहा माणसांवर ११२ टक्के भार निघाला. क्रमवारीतला आठवा प्रकल्प त्याच दिवशी चार महिने पुढे ढकलला.